साहेबांच्या कोटाचा आतला खिसा

लॉन्ड्रीवाल्या मावशींचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्याला कारण त्यांचा धंदाच होता. माणूस तोंडाने काहीही सांगो, त्याचा सदरा खरं तेच सांगतो. आजारी म्हणून रजा काढलेल्या कारकुनाच्या पँटच्या गुडघ्यांवर मैदानातली माती असते. सिगारेट सोडली म्हणून बायकोच्या गळ्याची शपथ घेणाऱ्या प्राध्यापकांच्या खिशाच्या तळाशी तंबाखूचा चुरा असतो. तीस वर्षं असले सदरे हाताखालून गेल्यावर माणसाने दुसरं काय व्हायचं? मावशी दूधवाल्याकडे संशयाने बघत, हवामानाच्या बातम्यांकडे संशयाने बघत, आणि कुणी फारच गोड बोलू लागलं तर आधी त्याच्या कॉलरची आतली बाजू बघत.

त्यांचे यजमान बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त झालेले. ते बायकोला 'चेकर' म्हणत. "पंचवीस वर्षं चेकरच्या धाकात नोकरी केली," दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत, "आणि घरी येऊन बघतो तर चेकर चहा ढवळतोय!" त्यांचा स्वतःचा स्वभाव अगदी उलटा. प्रवासी म्हणाला तिकीट काढलंय, की काढलंय. अशा माणसाला त्या खात्याने पंचवीस वर्षं कसं ठेवून घेतलं, हा मावशींचा आणखी एक संशय होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे वाफेची इस्त्री, मधे जाड घोंगडी अंथरलेलं टेबल आणि भिंतभर खुंट्या. या खोलीत एक नियम होता, तो मावशींच्या सासूबाईंनी घालून दिलेला. कपड्याच्या खिशात काही सापडलं तर ते खाकी पाकिटात घालायचं, पाकीट टाचणीने गठ्ठ्याला लावायचं आणि परत पाठवायचं. उघडायचं नाही, वाचायचं नाही. "खिसा म्हणजे परक्याचं घर," सासूबाई सांगायच्या, "आत गेलीस तर वस्तू उचल आणि बाहेर ये. भिंतीवरच्या तसबिरी बघत बसू नकोस." मावशींनी सासूबाईंचं बाकी फारसं काही ऐकलं नाही, पण एवढं मात्र ऐकलं. त्या नवऱ्यावर संशय घेत, पण गिऱ्हाइकाची चिठ्ठी उलगडून बघत नसत.

त्या भागातून तीनदा निवडून आलेले साहेब हे त्यांचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. साहेबांना गल्लीने नाव ठेवलं होतं, बघतोसाहेब. दर रविवारी सकाळी त्यांच्या दारात लोकांची रांग लागे. कुणाचं गटार, कुणाचा दाखला, कुणाच्या गल्लीतला दिवा. साहेब प्रत्येकाचा कागद दोन्ही हातांनी घेत, त्याची चौघडी घालत, राखाडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, छातीवर हलकेच थोपटत आणि म्हणत, "बघतो." ते थोपटणं इतकं मायेचं असे की माणूस जिना उतरताना काम झाल्यासारखाच उतरे. काही बायकांच्या डोळ्यांत तर पाणी यायचं.

सोमवारी सकाळी साहेबांचा ड्रायव्हर तो कोट लॉन्ड्रीत टाकायचा. आतला खिसा फुगलेला असायचा. मावशी सगळे कागद पाकिटात घालत, कोटाला ब्रश मारत, वाफ देत, आणि बुधवारी पाकिटासह कोट परत जाई. अशी पंधरा वर्षं गेली. पाकिटाचं पुढे काय होतं, हे मावशींनी कधी विचारलं नाही. सगळ्या जगावर संशय घेणारी ही बाई नेमकी तिथेच कशी गाफील राहिली, देव जाणे. सासूबाईंचा नियम आड आला असावा.

मग सात नंबरची बस बंद झाली. एके दिवशी थांब्यावर पाटी लागली, 'ही सेवा तात्पुरती स्थगित', आणि तात्पुरतं म्हणजे किती ते काही पाटीने सांगितलं नाही. इतरांची गैरसोय झाली. मावशींच्या घरावर मात्र संकटच कोसळलं. यजमानांची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी त्यांना मोठ्या इस्पितळात जावं लागे, आणि सात नंबर दारापासून इस्पितळाच्या फाटकापर्यंत जायची. आता दोन बस बदलायच्या आणि मधला लांबलचक पूल पायी तुडवायचा. जाताना ठीक होतं. येताना, अंगातलं सगळं त्राण त्या यंत्राने काढून घेतलेलं असताना, ते पुलाच्या कठड्याला धरधरून चालत, आणि मावशी मागे पाण्याची बाटली घेऊन चालत.

मावशींनी अर्ज लिहिला, गल्लीतल्या एकशे दहा जणांच्या सह्या घेतल्या आणि रविवारी रांगेत उभ्या राहिल्या. साहेबांनी कागद घेतला, चौघडी घातली, आत ठेवला, थोपटला. "मावशी, तुमचं काम म्हणजे माझ्या घरचं काम. बघतो."

सोमवारी कोट आला. मावशींनी आतल्या खिशात हात घातला आणि सगळ्यात वर त्यांना स्वतःचाच अर्ज लागला. साहेबांनी घातलेली घडी, आपलंच अक्षर. त्या तशाच उभ्या राहिल्या. कागद काल खिशात गेला तसाच होता, पुन्हा उलगडल्याची एक खूणसुद्धा त्यावर नव्हती. घडीचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मग खाली चाचपलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्याच्या घरातल्या तसबिरी बघितल्या. सात कागद होते, आणि सातच्या सात घड्या तशाच कडक.

इथे पाणी मुरतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. पण एका सोमवारवरून काय ठरवायचं? साहेब कदाचित बुधवारी पाकीट आल्यावरच वाचत असतील. मग मावशींना एक युक्ती सुचली. पाकीट पाठवायचंच नाही. ज्याला लोकांच्या कागदांची पर्वा आहे तो विचारेल ना, की मावशी, या खेपेला पाकीट कुठे गेलं? माणूस हरवलेल्या रुमालाचीसुद्धा चौकशी करतो.

पहिल्या बुधवारी कोट पाकिटाशिवाय गेला. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या बुधवारी गेला. ड्रायव्हरने कोट खांद्यावर टाकला आणि शीळ घालत निघून गेला. मावशींनी ते कागद खुंट्यांखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले. तिसरा आठवडा, चौथा, आठवा. पेटी भरत चालली. मावशींना रोज राग येत होता, आणि खरं सांगायचं तर रागाच्या आत थोडं सुखही होतं. आपला संशय खरा निघतोय याचं सुख फार वाईट असतं, ते माणसाला आंधळं करतं.

यजमानांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ते बिचारे पुलाच्या मध्यावर थांबून दम घेत आणि म्हणत, "होईल गं. साहेबांनी स्वतःच्या खिशात ठेवलाय आपला कागद." मावशी पाण्याची बाटली पुढे करत आणि नदीकडे बघत.

दहाव्या आठवड्यात त्या पुन्हा रविवारच्या रांगेत गेल्या. मुद्दामच गेल्या. "साहेब, आमच्या बसचं काय झालं?"

"अहो, तुमचा कागद वर गेला!" साहेब म्हणाले. "मी स्वतः दिला. आता सहीला थांबलाय. आजउद्या होईल."

मावशींनी मान डोलावली. कागद त्यांच्या पेटीत होता. 

सोळाव्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये साहेबांची वर्षातून एकदा होणारी सभा भरली. पुढच्या वर्षी निवडणूक होती, म्हणून खुर्च्या जास्त होत्या आणि पंखे सगळे चालू होते. साहेबांनी वर्षभरातल्या कामांचा पाढा वाचला. मग "कुणाला काही विचारायचंय?" असं त्यांनी नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे उठता उठता विचारलं. मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी कापडी पिशवी पुढच्या टेबलावर उपडी केली. त्रेपन्न कागद बाहेर पडले.

"हे लोकांनी तुम्हाला दिलेले अर्ज," त्या म्हणाल्या. "तुमच्या कोटाच्या खिशातून माझ्याकडे येतात. सोळा आठवडे मी ते पेटीत ठेवले, परत पाठवले नाहीत. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

 मावशींना वाटलं, आता साहेबांचा चेहरा पडणार. पण तीनदा निवडून आलेला माणूस काही उगाच निवडून येत नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि लोकांकडे वळून ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "ऐकलंत? सोळा आठवडे तुमचे अर्ज मावशींनी पेटीत कोंडून ठेवले. मी रोज चिटणिसाला विचारतोय, कामं पुढे का सरकत नाहीत! माझा विश्वास होता हो यांच्यावर. घरच्या माणसासारखा कोट देत होतो."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. मागून कुजबुज सुरू झाली. ती थांबायच्या आत गल्लीतली शिंपीणबाई पुढे आली आणि टेबलावरचे कागद उलटेपालटे करू लागली. तिला तिचा कागद सापडला.

"हा माझ्या पोरीच्या प्रवेशाचा अर्ज," ती मावशींकडे वळली. "मुदत गेल्या महिन्यात संपली. तिचं वर्ष गेलं. मी रोज तुमच्या दुकानासमोरून जात होते. तुम्ही रोज माझ्याकडे हसून बघत होतात. आणि हा तुमच्या पेटीत होता?"

 दुसऱ्याच्या सदऱ्यावरचे डाग शोधताना आपल्या पदराकडे मावशींनी बघितलंच नव्हतं. तिसऱ्या रांगेत त्यांचे यजमान बसले होते. ते बायकोकडे बघत नव्हते, टेबलावरच्या कागदांकडे बघत होते, आणि त्यांना काय कळलंय ते मावशींनाही कळलं. आपला अर्जही त्याच ढिगात होता. पुलावरून ते सोळा आठवडे चालले ते याच ढिगासाठी. मावशींना त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बसावं, घरी जावं, दुकान बंद करावं असंही वाटलं.

पण त्या बसल्या नाहीत. "बाई, चूक माझी आहे," त्या शिंपीणबाईला म्हणाल्या. "तुझ्या पोरीचं वर्ष मी घालवलं. तू मला काय हवं ते बोल, मी ऐकून घेईन. रोज येऊन बोल." मग त्या साहेबांकडे वळल्या. "मी माझं उत्तर दिलं. आता तुम्ही द्या. सहा आठवड्यांपूर्वी तुम्ही मला सांगितलंत, माझा बसचा अर्ज तुम्ही स्वतः वर दिला. तो अर्ज हा. हा माझ्या पेटीतून हललाच नाही. मग वर काय दिलंत?"

साहेबांनी चष्मा परत चढवला. "त्याची प्रत दिली असेल."

"प्रत कधी काढलीत? रविवारी माझ्यादेखत खिशात ठेवलात. सोमवारी दुकान उघडायच्या आधी कोट माझ्या दारात होता, आणि कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती."

मागे कुणीतरी फसकन हसलं. शिंपीणबाई अजून मावशींकडे रागाने बघत होती, पण बोलली ती साहेबांशी. "मलाही तुम्ही तेच म्हणालात. कागद वर गेलाय, सहीला थांबलाय."

"मलाही," खिडकीजवळून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"मला तर सही झाली असं सांगितलं," आणखी कुणी म्हणालं. मग हॉलमध्ये इतके 'मलाही' उठले की साहेबांना हात वर करावे लागले.

"बरं, बरं. झालं गेलं विसरून जाऊ. द्या ते सगळे कागद इकडे." त्यांनी पहिला मूठभर गठ्ठा उचलला, सवयीने त्याची चौघडी घातली, आणि सवयीनेच त्यांचा हात कोटाच्या आत गेला. "बघतो."

"खिशात नको!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या की साहेबांचा हात तिथेच थिजला. त्यांनी पिशवीतून दुकानाचं पावतीपुस्तक काढलं. "कुणाचा फाटका पायजमा जरी आला तरी मी पावती देते साहेब. काय घेतलं, कुणाचं घेतलं, कधी देणार. त्या तारखेला नाही दिलं तर गिऱ्हाईक काउंटरवर येऊन माझी अब्रू काढतं, आणि ते बरोबरच असतं. लोकांचा अर्ज पायजम्यापेक्षा हलका आहे का?"

हॉल हसला, आणि साहेबही हसले, कारण निवडणूक वर्षावर आली होती आणि पुढच्या रांगेत दोन वार्ताहर बसले होते. चिटणिसाला बसवलं गेलं. एकेक अर्ज मोठ्याने वाचला गेला, 'कपड्याचा प्रकार' या रकान्यात 'गटाराचं झाकण' आणि 'गल्लीतला दिवा' लिहिलं गेलं, 'देण्याची तारीख' भरली गेली आणि साहेबांनी खाली सही केली. त्रेपन्न पावत्यांना दीड तास लागला. शिंपीणबाईच्या पावतीवर 'खास बाब म्हणून प्रवेश' असं लिहिलं होतं. तिने ती घेतली, पण मावशींशी ती बोलली नाही. सात नंबरच्या बसची तारीख पडली पुढच्या महिन्याची पंधरा.

घरी आल्यावर यजमान कॉटवर जाऊन बसले. मावशी समोर जाऊन बसल्या. "मला तुम्हाला सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुलावर थांबायचात तेव्हा रोज सांगावंसं वाटायचं. पण मग कागद परत द्यावा लागला असता."

"पोचला असता तर काही झालं असतं का?" यजमानांनी विचारलं.

"ठाऊक नाही. नसतंच झालं बहुतेक. पण आता ते कधीच कळणार नाही, आणि तेच मला खातंय."

"चेकरने चोर पकडायला बस थांबवून ठेवली," यजमान म्हणाले, "आणि आतले पेशंट तिथेच बसले." ते हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मावशींच्या हातावर हात ठेवला. मावशींना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

पंधरा तारीख डायलिसिसचीच होती. दोघं सकाळी थांब्यावर जाऊन उभे राहिले. पाटी अजून लटकतच होती. "येते की नाही बघा," मावशी म्हणाल्या. यजमान म्हणाले, "सही केलीय त्यांनी. येईल."

आणि बस आली. धुतलेली, पुसलेली, कपाळावर ठळक सात नंबर. थांब्यावर चिटणीस उभा होता, त्याने बसचा आणि चढणाऱ्या लोकांचा फोटो काढला. मावशींनी यजमानांना हात देऊन वर घेतलं. ते ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाय लांब करून सैल झाले. बस पुलाच्या दिशेने निघाली. मावशींना बरं वाटलं, आणि बरं वाटताच सवयीप्रमाणे शंका आली.

"दादा," त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "परवा हीच बस किती वाजता येईल?"

"परवाचं मला माहीत नाही मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "मला आजच्या एका फेरीचा हुकूम आहे. दुपारी गाडी डेपोत जमा."

मावशींनी यजमानांकडे बघितलं. आता ते म्हणणार, होईल गं, कारकुनाची चूक असेल, थोडा धीर धर. पंचवीस वर्षं त्यांनी बिनतिकिटाच्या माणसांवर विश्वास ठेवला होता. यजमान खिडकीतून बाहेर बघत होते. डाव्या हाताला साहेबांचं घर दिसायला लागलं, तशी त्यांनी उठून घंटेची दोरी ओढली.

"उतर तू," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी जातो. आज बसून जातोय. परवाचं काय ते तू विचारून ये. आणि 'बघतो' म्हणाले तर ऐकून घेऊ नकोस."

मावशी उतरल्या. बस त्यांच्या माणसाला घेऊन पुलावर चढली. त्या दिवशी रविवार नव्हता आणि भेटीची वेळही नव्हती. मावशींनी साहेबांच्या दारावरच्या घंटीवर बोट ठेवलं आणि दार उघडेपर्यंत उचललं नाही.